अंतराळयानाची झाडलोट कोणाकडे?

‘जादूटोण्याची पुस्तके घरात आणायची आणि स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवून घ्यायचे, हे जमते कसे?’ हा प्रश्न आम्हांला खांडबाऱ्यात व आसपासच्या वस्त्यांत अनेकदा ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा पालक असतात. मुलगी नंदुरबारला शिकायला जाते, सुट्टीत हॅरी पॉटर किंवा मेलुहाचे जाडजूड पुस्तक घेऊन येते, आणि बापाला वाटते की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे काय शिरले! प्रश्न प्रामाणिक आहे. तो हसून उडवून देण्यासारखा नाही. आपल्या जिल्ह्यात तर नाहीच नाही.

कारण चेटकीण हा आपल्याकडे केवळ गोष्टीतला शब्द नाही. सातपुड्याच्या पाड्यांत बाईला डाकीण ठरवून मारहाण करणे, गावाबाहेर काढणे असे प्रकार घडलेले आहेत. अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हयात घालवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हा जादूचे नाव काढताच आपल्या माणसांच्या कपाळावर आठी पडावी, हे साहजिकच आहे.

परंतु डाकिणीची अफवा आणि अद्भुत कादंबरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अफवा म्हणते, हे खरे आहे, उचला काठ्या. कादंबरी पहिल्या पानापासूनच सांगते की ही गोष्ट आहे. जातककथांत माकडे बोलतात, हरणे शहाणपण सांगतात, आणि त्या आपण बुद्धविहारात मुलांना सांगतोच की! म्हणून पुस्तकात जादू आहे की नाही, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर जमाखर्च पाहणारे कारकून. पुस्तकाचाही हिशेब आम्ही तसाच मांडतो. या गोष्टीत माणसाची किंमत कशावरून ठरते? जन्मावरून, रक्तावरून, की कर्तृत्वावरून?

हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात इंग्लंडात निघाली, पुढे मराठीतही आली. छडी फिरवणे, झाडूवर बसून उडणे हा त्यांतला वरचा रंग. आतली गोष्ट रक्ताच्या शुद्धतेची आहे. जादूगार घराण्यात जन्मलेले स्वतःला शुद्ध समजतात, आणि साध्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या हुशार हर्मायनीला ‘गढूळ रक्ताची’ या अर्थाची शिवी देतात. वर्गात सर्वांत हुशार असूनही ही शिवी तिचा पाठलाग सोडत नाही. आपल्या मुलींना हे समजावून सांगावे लागत नाही. वाचता वाचताच त्यांच्या ध्यानात येते.

त्याच पुस्तकांत घरकाम करणारे गुलाम आहेत. मालकाने अंगावरचे वस्त्र दिले तरच त्यांची सुटका होते. डॉबी नावाचा गुलाम एका मोज्यामुळे मुक्त होतो. हर्मायनी या गुलामांसाठी संघटना काढते, तर तिचेच मित्र तिला हसतात, आणि बहुतेक गुलामांनाही मुक्ती नकोशी वाटते. हा भाग लेखिकेने विनोदाच्या अंगाने घेतला आहे. तो आम्हांला रुचला नाही. शिवाय शेवटी लढाई जिंकल्यावर नायकाच्या मनात काय येते? आपला घरगडी क्रीचर आता काही खायला आणून देईल का! शुद्ध रक्ताचा माज उतरला, पण स्वयंपाकघरातला गुलाम जागच्या जागी राहिला. तरीही ही पुस्तके मुलांना जरूर द्यावीत. फक्त या जागेवर त्यांच्याशी बोलावे.

मेलुहाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. अमीश त्रिपाठी यांची ही कादंबरी इंग्रजीत २०१० साली आली. ती हातोहात खपली आणि मराठीतही उतरली. या मेलुहा राज्यात जन्मलेले प्रत्येक मूल आईपासून काढून घेऊन राज्यातर्फे वाढवले जाते. पंधराव्या वर्षी परीक्षा होते, गुणांप्रमाणे जात ठरते, आणि मग त्या जातीच्या आईबापांना ते मूल दत्तक मिळते. कोण कोणाच्या पोटी जन्मला हे कोणालाच कळत नाही. आमचे काही सुशिक्षित तरुण हे वाचून हरखून गेले. ‘बघा, जन्माची जात गेली!’ असे ते म्हणतात.

जन्म गेला, परंतु पाटी राहिली. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात नेमका हाच प्रश्न उभा केला होता. गुणांवरच माणूस जोखायचा असेल, तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही नावे ठेवायचीच कशाला? ती नावे जिवंत आहेत तोवर त्यांच्याबरोबरचा उच्चनीचभावही जिवंत राहणार. कादंबरी या प्रश्नाला शिवतच नाही. पंधराव्या वर्षी एका परीक्षेत जो मागे पडला, तो जन्मभर खालच्या पट्टीत. दहावीला गणितात नापास होऊन पुढे उत्तम संसार आणि उत्तम काम करणारी किती माणसे आपल्या पाहण्यात आहेत!

त्या राज्यात ‘विकर्म’ म्हणून एक वर्गही आहे. मृत मूल जन्मणे, असाध्य व्याधी जडणे अशा दुर्दैवावरून माणूस गतजन्मीचा पापी ठरतो आणि त्याला कोणी शिवत नाही. नायक हा कायदा मोडतो, याचे श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे. परंतु ज्यांच्यावर अन्याय झाला ते स्वतः उठत नाहीत. बाहेरून आलेला तारणहार त्यांना सोडवतो. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपले आजे-पणजे कोणा अवताराची वाट पाहत थांबले नव्हते.

आता आपल्या मराठी विज्ञानकथेकडे वळू. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांची एक हकीकत आम्ही मुलांना नेहमी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या नावाचा दबदबा परीक्षकांवर पडू नये म्हणून नाव लपवणारा हा माणूस! आपल्यातली कितीतरी मुले नोकरीच्या अर्जात आडनाव लपवतात, ती नेमक्या उलट्या कारणासाठी.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आपल्या घरात असावी. एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचे जमिनीखाली पुरलेले ज्ञान हाती लागते, त्यातून यंत्रमानव घडतो, आणि हा सेवकच माणसाला पायाखाली घालील की काय असा पेच पडतो. त्या यंत्राचे नाव वामन. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनाची जी बाजू उघड केली, ती जाणणाऱ्याला या नावाशी थबकावे लागते. आपल्या आयाबाया दिवाळीला आजही बळीचेच राज्य मागतात.

नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर या सर्वांचे आम्ही वाचत आलो. बुद्धीला चालना मिळते, अंधश्रद्धेला थारा नाही, हे मोठेच काम. परंतु आमच्या वाचनात आलेल्या कथांत प्रयोगशाळा येते, संगणक येतो, परग्रह येतो. जात मात्र येत नाही. ती गेली असे म्हणावे, तर कशी गेली, कोणी घालवली, हे कुठेच नाही. अंतराळयानात शास्त्रज्ञ आहेत, कप्तान आहे. मग झाडलोट कोणाकडे, संडास कोण धुतो?

अमेरिकेतल्या ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेने असे प्रश्न टाळले नाहीत. त्यांची आई लोकांच्या घरी कामाला जाई. १९७९ सालच्या ‘किंड्रेड’ कादंबरीत त्यांनी आजच्या काळातील काळ्या स्त्रीला थेट गुलामगिरीच्या काळात नेऊन उभे केले. बंगालच्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी याच बटलरबाईंना उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा व लेखांचा ग्रंथ एका सहसंपादिकेबरोबर २०१७ साली इंग्रजीत काढला, आणि पुढच्या वर्षी तो ह्युगो या मानाच्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचला. आपल्याकडे आत्मकथनांनी मराठीला हादरवले. त्या लेखण्या अजून भविष्याकडे वळायच्या आहेत.

विषयांची वाण नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. बुबुळ आणि दहा बोटे यांवरून माणूस ओळखायचा, ही एके काळी विज्ञानकथाच होती. आता ऊसतोडीहून परतलेल्या मजुराची बोटे झिजलेली असतात, रेशनच्या दुकानातले यंत्र त्याला ओळखत नाही आणि तो रिकामी पिशवी घेऊन उभा राहतो. ही गोष्ट पुण्यात बसून कोण लिहिणार?

आणि झाडलोटीचे म्हणाल, तर २०१८ साली केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र बनवले, जेणेकरून त्यात माणूस उतरू नये. मराठी कादंबऱ्यांतले यंत्रमानव आम्ही बरेच पाहिले. गटारात उतरणारा एकही आमच्या वाचनात आलेला नाही.