सर्व्हरवरचा कचरा साफ करताना सिस्टिमच कशी उडू शकते?

मोबाइलचं स्टोरेज भरलं की आपण कॅशे क्लिअर करतो आणि मोकळे होतो. पण एकाच युनिक्स सर्व्हरवर अनेक जण काम करत असतील तर?

तिथे तात्पुरत्या फाइल्ससाठी 'टीएमपी' हे सगळ्यांचं फोल्डर असतं. 'स्टिकी बिट'मुळे तिथली दुसऱ्याची फाइल कुणी डिलीट करू शकत नाही. अपवाद फक्त 'रूट' म्हणजे ॲडमिनचा. खरी गोम इथेच आहे.

धोका काय?
समजा, रूटची स्क्रिप्ट आधी जुन्या फाइल्स शोधते, मग डिलीट करते. एका युजरच्या फोल्डरमध्ये तिला 'पासडब्ल्यूडी' नावाची जुनी फाइल सापडते. ती डिलीट होण्याआधीच तो युजर फोल्डर हलवतो आणि तिथे सिस्टिमच्या 'ईटीसी' फोल्डरकडे नेणारी लिंक ठेवतो. स्क्रिप्ट त्या लिंकवरून जाते आणि सगळ्या युजर्सच्या नोंदी असलेली खरी 'पासडब्ल्यूडी' फाइल उडवते. मग लॉगिन करणंच अवघड!

उपाय काय?
लिनक्सवर घरगुती स्क्रिप्टऐवजी 'सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स' वापरा. ते अशा लिंकच्या मागे जात नाही. मूळ सेटिंगमध्ये ते 10 दिवस न वापरलेल्या फाइल्स काढतं.

आणि तुम्ही साधे युजर असाल तर? महत्त्वाचं काम 'टीएमपी'मध्ये ठेवूच नका.