समाजकल्याण विभागाचे काम

तुम्ही जिल्हा परिषदेची इमारत पाहिली असेल. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. तेथील अनेक विभागांपैकी एक समाजकल्याण विभाग. जिल्हा समाजकल्याण अधिकारी हा त्याचा प्रमुख असतो.

या विभागाला काही पैसा शासनाकडून मिळतो, तर काही जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते.

पैसे वाटणे सोपे आहे, असे तुम्हांला वाटेल. अवघड आहे ते योग्य माणूस शोधणे. 'अर्ज' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. ज्याला वाचता येते, तालुक्याला जाता येते, तो अर्ज करतो. पण दूरच्या वाडीतील, चालता न येणाऱ्या मुलाचे काय? त्याला तीनचाकी सायकल हवी असते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढायला सरकारी रुग्णालयात जावे लागते, आणि जायला सायकल नसते!

म्हणून चांगला अधिकारी अर्जांची वाट पाहत बसत नाही. तो सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका यांच्याकडून नावे मागवतो. तालुक्यातच तपासणी शिबिर भरवण्याची खटपट करतो. हे सारे वेळेत उरकावे लागते, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. यादी फेब्रुवारीत करायला घेतली, की घाईघाईत ओळखीच्यांचीच नावे भरली जातात.

ग्रामपंचायतीलाही आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. तिचा हिशेब गावकऱ्यांना ग्रामसभेत विचारता येतो.