सील उलटं बसलं!

मशीन डिझाइनमध्ये ऑइल सील शिकलो, मार्कही चांगले पडले. मग दिवाळीच्या सुट्टीत गावी काकांच्या उसाच्या ट्रॉलीला नवं सील मीच बसवलं. आठ दिवसांत हबमधलं ग्रीस बाहेर, धूळ आत आणि बेअरिंग जाम! भरलेली ट्रॉली भर रस्त्यात उभी. तेव्हा मित्रांनो, कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी सांभाळून घ्या, पण मुद्दा नीट वाचा.

सील घेताना तीन मापं बघायची : एक्सलचा व्यास, हबच्या भोकाचा व्यास आणि सीलची जाडी. सीलवर ५०-७२-१० असं छापलेलं असतं ते हेच, मिलिमीटरमध्ये. धुळीच्या रस्त्यांसाठी दोन लिपवालं सील घ्या. आतली लिप ग्रीस धरते, बाहेरची धूळ अडवते.

जुनं सील परत वापरू नका. लिप घासते त्या जागी एक्सलवरून नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. आधी ग्रीस भरलेलं आतलं बेअरिंग, मग सील. लिपला ग्रीस लावा, सपाट लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू सरळ ठोका. आणि बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू ग्रीसकडे, म्हणजे हबच्या आत. मी नेमकी तीच बाहेर ठेवली होती.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुस्तकात चित्र नव्हतं का रे?"

होतं. मी ते पाठ केलं होतं, पाहिलं नव्हतं.