हौशी रॉकेट, उच्चशक्ती

हौशी रॉकेट, उच्चशक्ती : खाजगी व्यक्ती, मंडळे वा विद्यार्थिगट छंद म्हणून किंवा शिक्षणासाठी जी रॉकेटे बांधतात व उडवितात, त्यांपैकी मोठ्या आवेगाच्या रॉकेटांना ही संज्ञा लावतात. एका बाजूस पुठ्ठा व हलके लाकूड यांची, काही ग्रॅम इंधनावर उडणारी खेळवजा प्रतिकृती-रॉकेटे आणि दुसऱ्या बाजूस शासकीय संस्थांची संशोधन-रॉकेटे, यांच्या मधला हा प्रांत होय. यातील सर्वांत मोठी रॉकेटे शेकडो किग्रॅ. वजनाची असून काहींनी १०० किमी. उंचीची, अवकाशाच्या सीमेची म्हणून मानली जाणारी, रेषा ओलांडली आहे.

मराठीत ‘बाण’ हा शब्द धनुष्याच्या बाणाप्रमाणे दारूच्या बाणालाही लावतात. अठराव्या शतकात मराठ्यांच्या व म्हैसूरच्या फौजा नळीला वेळू किंवा काठी बांधून केलेले असे बाण लढाईत वापरीत. दिवाळीतील बाण हा त्याचाच वंशज असून त्याची लांब काठी शोभेसाठी नसते. उडणाऱ्या वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणि ज्या बिंदूवर हवेचा एकूण आडवा दाब एकवटतो तो दाबमध्य मागे असेल, तरच ती वस्तू किंचित कलल्यावर आपोआप सरळ होते. काठी वजनाने हलकी पण लांब असल्याने दाबमध्य मागे ओढला जातो. आधुनिक हौशी रॉकेटात हेच काम बुडाशी बसविलेले तीन वा चार पंख करतात. हे दोन बिंदू निदान रॉकेटाच्या एका व्यासाइतके दूर असावेत, असा संकेत आहे. दाबमध्य काढण्याची सोपी गणिती रीत जेम्स बॅरोमन या अमेरिकी अभियंत्याने १९६६ मध्ये हौशी मंडळींपुढे मांडली आणि तोवर अनुभवावर व अंदाजावर चाललेला हा छंद अभियांत्रिकीच्या कक्षेत आला.

रॉकेटाची प्रत त्याच्या उंचीवरून वा वजनावरून नव्हे, तर एकूण आवेगावरून, म्हणजे रेटा व ज्वलनकाल यांच्या गुणाकारावरून, ठरवितात. तो न्यूटन-सेकंदांत मोजतात. रोमन वर्णमालेतील प्रत्येक पुढचे अक्षर आधीच्या दुप्पट मर्यादा दाखविते : ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २·५, ‘जी’ची १६०, ‘एम’ची १०,२४० आणि ‘ओ’ची ४०,९६० न्यूटन-सेकंद. ‘एच’पासून पुढे उच्चशक्ती वर्ग सुरू होतो, असे सामान्यतः मानतात. इंधन बहुधा अमोनियम परक्लोरेट व ॲल्युमिनियमची पूड कृत्रिम रबरात बांधून केलेले संमिश्र घन इंधन असते. ते कारखान्यात तयार झालेल्या ठराविक मापांच्या नळ्यांतून मिळते. ३८, ५४, ७५ व ९८ मिमी. हे त्यांचे रूढ व्यास होत.

हा छंद सुरक्षित झाला तो अपघातांनंतर. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुतनिक उडाल्यावर अमेरिकेतील कित्येक शाळकरी मुलांनी लोखंडी नळ्यांत घरगुती मिश्रणे ठासण्यास सुरुवात केली. त्यांत अनेकांची बोटे व डोळे गेले. नेब्रॅस्कातील पादत्राणांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी त्याआधीच, १९५४ मध्ये, कारखान्यात भरलेल्या व दुरून विजेने पेटविता येणाऱ्या कागदी नळीचे रॉकेट तयार केले होते. जी. हॅरी स्टाइन यांच्या साहाय्याने १९५७ मध्ये त्याचा प्रसार सुरू झाला व त्याच वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय रॉकेट संघटना स्थापन झाली. मिश्रण स्वतः करावयाचे नाही, धातूची नळी वापरावयाची नाही, पेटविताना जवळ थांबावयाचे नाही, हे त्या पंथाचे तीन मुख्य निर्बंध. पुढे मोठ्या संमिश्र नळ्या मिळू लागल्या तेव्हा या संघटनेची मर्यादा अनेकांना अपुरी वाटू लागली. ‘मोठी व धोकादायक रॉकेटे’ या अर्थाच्या मिस्किल नावाचा वार्षिक मेळावा १९८२ मध्ये सुरू झाला, तो यातूनच. नंतर ट्रिपोली ही दुसरी संघटना उच्चशक्ती रॉकेटांसाठी पुढे आली. दोन्ही संघटनांत उमेदवाराला तीन पायऱ्या चढाव्या लागतात : ‘एच’ व ‘आय’, लेखी परीक्षेनंतर ‘जे’ ते ‘एल’ आणि जाणकार सदस्यांनी आराखडा आधी तपासल्यानंतर ‘एम’ ते ‘ओ’. परीक्षेत उंचीला गुण नसतात. रॉकेट पुन्हा उडविण्याजोग्या स्थितीत खाली आले तरच उमेदवार उत्तीर्ण होतो.

हा नियम वरवर उफराटा वाटतो, पण मोठ्या रॉकेटाची खरी अडचण त्यात अचूक पकडली आहे. पुरेसा आवेग विकत घेता येतो, सुखरूप उतरणे मात्र योजावे लागते. आकार सर्व बाजूंनी दुप्पट केला की वजन सु. आठपट होते आणि त्याच वेगाने उतरविण्यासाठी हवाई छत्रीचे क्षेत्रफळही आठपट, म्हणजे व्यास सु. २·८ पट, लागतो. रॉकेटापेक्षा त्याची छत्री अधिक वेगाने वाढते. छत्री न उघडल्यास २० किग्रॅ. वजनाचे सडपातळ रॉकेट सेकंदाला १५० मी. वेगाने जमिनीवर आले, तर त्याची गतिज ऊर्जा सव्वादोन लाख जूल होते. अशा वस्तूखाली कोणी उभे असणार नाही, याची खात्री उड्डाणापूर्वीच व्हावी लागते.

शिवाय छत्री केव्हा उघडावी, हाही प्रश्न असतो. समजा, रॉकेट ३,००० मी. उंचीवर पोहोचले असून वारा सेकंदाला ८ मी. वेगाने वाहतो आहे. शिखरावरच मोठी छत्री उघडून ते सेकंदाला ६ मी. वेगाने उतरू दिले, तर खाली येण्यास ५०० सेकंद लागतील व ते ४ किमी. दूर वाहून जाईल. त्याऐवजी शिखरावर फक्त लहान छत्री उघडली आणि ३०० मी. उंचीपर्यंत ते सेकंदाला सु. २२ मी. वेगाने येऊ दिले, तर त्याला सु. दोन मिनिटे लागतात. मग मोठी छत्री उघडल्यावर आणखी ५० सेकंद. एकूण वहाव १·४ किमी.च्या आसपास राहतो. म्हणून दोन टप्प्यांत उतरविण्याची रीत रूढ झाली. वातदाबावरून उंची ओळखणारे दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय उंचीमापक, प्रत्येकास वेगळी विद्युत् घटमाला आणि रॉकेटाचे सांधे उघडणारे वेगळे स्फोटक भार अशी दुहेरी व्यवस्था ठेवतात. हे भार उड्डाणापूर्वी जमिनीवर पेटवून पाहतात. कंटाळवाणे वाटणारे हे काम टाळणाऱ्यांची रॉकेटे बहुधा शेतात रुतलेली सापडतात.

उड्डाणाच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. आरंभीचा रेटा वजनाच्या निदान पाचपट असावा, म्हणजे मार्गदर्शक रूळ सोडताना रॉकेटाला सेकंदाला सु. १५ मी. वेग मिळतो व पंखांचा उपयोग होऊ लागतो. वारा ताशी ३२ किमी.हून अधिक असल्यास किंवा ढग खाली असल्यास उड्डाण करीत नाहीत. माणसांनी एकट्या ‘एम’ नळीपासून सु. १५० मी. व ‘ओ’पासून सु. ४५० मी. दूर राहावे, असा अमेरिकी नियम आहे. एकाहून अधिक नळ्या असल्यास अंतर वाढते, कारण त्यांतील एखादी पेटली नाही तर रेटा अक्षापासून ढळतो. ध्वनिवेगाच्या जवळ पातळ पंख थरथरून फाटतात. त्यामुळे तेथे काचतंतू वा कार्बनतंतू यांचे कवच वापरतात.

या सर्व गोष्टी एकत्र दिसतात त्या स्टीव्ह ईव्ह्‌झ यांच्या सॅटर्न–५ च्या एकदशांश प्रतिकृतीत. मोटारगाड्यांचे सांगाडे दुरुस्त करण्याचा व्यवसाय असलेल्या या गृहस्थांनी बांधलेले सु. ११ मी. उंच व सु. ७५० किग्रॅ. वजनाचे रॉकेट २५ एप्रिल २००९ रोजी मेरिलंडमधील प्राइस येथील शेतावरून उडाले. मध्ये एक ‘पी’ व भोवती आठ ‘एन’ नळ्या होत्या. उंची सु. १,३५० मी.च भरली, पण भाग छत्र्यांनी सुखरूप उतरले, आणि हेच त्याचे यश. याउलट के मायकेल्सन यांच्या गटाने १७ मे २००४ रोजी नेव्हाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटातून उडविलेले बारीक रॉकेट सु. ११६ किमी. उंच गेले. हौशी मंडळींचे अवकाशात पोहोचलेले ते पहिले रॉकेट. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २१ एप्रिल २०१९ रोजी सु. १०३ किमी. आणि २० ऑक्टोबर २०२४ रोजी सु. १४३ किमी. उंची गाठली. अमेरिकेत हौशी रॉकेटाला १५० किमी. ही कायदेशीर कमाल उंची आहे, हे लक्षात घेता आता फारशी जागा उरलेली नाही. कोपनहेगन सबऑर्बिटल्स (स्थापना २००८) या डॅनिश गटाचे ध्येय वेगळे आहे : देणग्यांतून माणूस नेणारे रॉकेट बांधणे. बॉर्नहोल्म बेटाजवळ समुद्रातून ३ जून २०११ रोजी केलेल्या त्यांच्या उड्डाणात रॉकेट कलू लागल्याने एंजिन दुरून बंद करावे लागले. त्यांचे नेक्सो–२ हे रॉकेट ४ ऑगस्ट २०१८ रोजी सु. ६·५ किमी. उंच गेले.

भारतात या छंदाला मधल्या पायऱ्या जवळजवळ नाहीत. संमिश्र इंधन हे १८८४ चा स्फोटक द्रव्ये अधिनियम व २००८ चे नियम यांच्या कक्षेत येते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. अमेरिकेत २००९ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने हेच इंधन स्फोटकांच्या यादीतून वगळले गेले. येथे तसा भेद नाही. परिणामी दिवाळीचा बाण कोणालाही मिळतो, त्यापुढे मात्र एकदम संस्थेचे काम सुरू होते. ज्ञानाची वाण आहे असे नव्हे. घन इंधनाचे संशोधन पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ चालू आहे व अंतराळ कार्यक्रमातील या इंधनाची पायाभरणी वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांच्या नेतृत्वाखाली झाली. थुंबा येथून २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेल्या पहिल्या भारतीय बनावटीच्या संशोधन-रॉकेटाचा व्यास अवघा ७५ मिमी. होता. तेच माप आज परदेशांतील हौशी दुकानांत सहज मिळते. मणिपालसारख्या ठिकाणच्या विद्यार्थिगटांना मोठ्या उड्डाणासाठी न्यू मेक्सिकोपर्यंत जावे लागले आहे. इन-स्पेस या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांसाठी प्रतिकृती-रॉकेटांची स्पर्धा घेतली. देखरेखीखालील मैदान, कारखान्यात भरलेली नळी आणि आधी तपासलेला आराखडा या तीन गोष्टी अशा उपक्रमांतून नियमितपणे मिळू लागल्या, तर पायऱ्यांची शिडी येथेही उभी राहू शकेल. तोपर्यंत घरी मिश्रण करून पाहण्याचा मोह १९५७ नंतरच्या अमेरिकेइतकाच येथेही घातक व बेकायदेशीर आहे.