धुराचं खातं

बँकेत असताना नव्या कर्जाचा अर्ज आला, की मी आधी जुनं खातं काढायचो. जुनं कर्ज खरंच फिटलंय, की नुसतं नव्या नावानं पुन्हा लिहिलंय? ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. कादंबरीतली माणसंसुद्धा मी याच नजरेनं तपासतो.

परवा अमेरिकेतल्या हवा-परवान्यांविषयी वाचताना ती पुन्हा जागी झाली. तिथं कोळशाच्या मोठ्या वीजकेंद्रात बदल करायचा, तर वाढणारा वायू मोजतात. सल्फर डायऑक्साइड वर्षाला 40 टन वा अधिक वाढणार असला, की लांबलचक छाननी मागं लागते. मात्र त्याच केंद्राच्या दुसऱ्या धुराड्याला धूर धुण्याचं यंत्र बसवून तितकाच वायू घटवला, तर वजाबाकी होते, छाननी टळते. पण घट प्रत्यक्ष हवी, अलीकडची हवी आणि परवान्यात बांधलेली हवी. तोंडी ठेव चालत नाही!

आपल्याकडं डिसेंबर 2015 मध्ये कडक निकष आले, मुदत दोन वर्षांची. ती वाढत गेली, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रातूनच सूट मिळाली. कागद सोपे झाले, वायू तेवढाच. बँकेत याला आम्ही राइट-ऑफ म्हणत असू, वसुली नव्हे.

डहाणूला मात्र, चिकूच्या बागांच्या त्या मुलखात, वीजकेंद्राचा धूर 2007 पासून समुद्राच्या पाण्यानं धुतला जातो. त्यासाठी डहाणूकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं.