मोहाचा सडवा आणि स्कॉटलंडचा एल

फाल्गुन सरत आला की विदर्भाच्या रानातील मोहाची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस लटकू लागतात. चैत्रातल्या पहाटे त्यांची मांसल, फिकट पिवळी फुले जमिनीवर टपटप पडतात आणि उन्हे चढण्याआधी ती वेचून अंगणात वाळत घातली जातात. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात हा एक छोटा हंगामच असतो. याच फुलाचे दुसरे रूप मात्र वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तात भेटते. हातभट्टीवर छापा, मोहाचा सडवा नष्ट, अशी बातमी दारव्हा, दिग्रस किंवा नेर परिसरातील वाचकाला नवी नाही.

स्कॉटलंडमध्ये घरच्या घरी 'एल' नावाची पारंपरिक बिअर तयार करणे हा प्रतिष्ठित छंद समजला जातो. त्या एलच्या पिंपात आणि इथल्या सडव्याच्या मडक्यात घडणारी रासायनिक क्रिया एकच आहे. तरीही एकाच्या वाट्याला कौतुक आणि दुसऱ्याच्या वाट्याला छापा का यावा? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी शास्त्रात, काही अंशी हवामानात आणि बरेचसे कायद्याच्या इतिहासात सापडते.

साखरेपासून मद्यापर्यंत

मद्य माणूस करीत नाही. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव करतात. लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनातून हे सिद्ध केले. हवेचा संपर्क तुटलेल्या गोड द्रावणात यीस्ट साखरेचे विघटन करते आणि त्यातून इथाइल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. सडव्यावर दिसणारा फेस आणि बुडबुडे याच वायूचे असतात.

मोहाच्या फुलात साखर आयतीच असते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा साधारण निम्मा वाटा साखरेचा असतो. फुले पाण्यात भिजत घातली की ती साखर उतरते आणि फुलांवरचे रानटी यीस्ट कामाला लागते. बार्लीचे तसे नाही. तिच्या दाण्यात पिष्ट असते आणि यीस्टला पिष्ट थेट पचत नाही. म्हणून दाणे भिजवून त्यांना मोड आणतात, मग ते भट्टीत वाळवतात. हाच मॉल्ट. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे पुढे साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात या क्रियेचा पूर्वार्ध परिचयाचाच आहे.

पुढे हा गोड रस उकळतात. उकळताना त्यात हॉप्स या वेलीची कडवट फुले पडतात. स्कॉटिश धाटणीच्या एलमध्ये आज कडवटपणा कमी आणि मॉल्टची खरपूस गोडी अधिक ठेवतात. छंद म्हणून एल करणारे काही जण त्यासाठी थोडा रस वेगळा काढून आटवून घेतात. रस निवल्यावर त्यात जोपासलेले यीस्ट सोडून तो इतर एलपेक्षा थंड जागी संथपणे आंबवला जातो. एकोणिसाव्या शतकातील पिंपांच्या किमतींवरून या एलना साठ, सत्तर आणि ऐंशी शिलिंगची अशी नावे पडली. पहिल्या दोन प्रकारांत अल्कोहोलचे प्रमाण चार टक्क्यांच्याही आत असते.

भट्टीची पायरी

हॉप्समधील द्रव्ये अनेक जिवाणूंना रोखतात आणि थंडी यीस्टला शिस्त लावते. मोहाच्या सडव्याला या दोन्हींचे संरक्षण नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. अशा उष्म्यात यीस्ट घाईने काम करते, नको ती जड अल्कोहोले वाढतात आणि थोडा उशीर झाला तरी जिवाणू मद्याचे आंबट शिर्के करतात. सडवा टिकत नाही. त्यामुळे तो आंबला की लगेच भट्टीवर चढतो.

येथेच दोन वाटा फुटतात. आंबवण्याने मिळणारे पेय सौम्य राहते, कारण अल्कोहोल एका मर्यादेपलीकडे वाढले की यीस्टच निकामी होते. भट्टीवरचे ऊर्ध्वपातन ही मर्यादा ओलांडते. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचा अंश जास्त असतो. ती थंड केली की तीव्र मद्य हाती येते. एलचा पेला आणि भट्टीच्या पहिल्या धारेचा पेला यांच्या परिणामात म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

विषारी दारूचा प्रश्न मात्र निराळा आहे. मोहासारख्या सडव्यात मिथाइल अल्कोहोल अत्यल्प असते. मोठ्या दुर्घटना घडतात त्या बहुधा उद्योगांसाठीचे मिथेनॉल दारू म्हणून किंवा दारूत मिसळून विकल्यामुळे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक ॲसिड बनते आणि ते सर्वप्रथम दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. पहिली धार फेकून दिली की विष जाते, हा समज धोक्याचा आहे. मिथेनॉल पुढच्या धारेतही उतरत राहते. दृष्टी अंधुक होणे, पोटात तीव्र कळा, श्वास जलद होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

अनेक ठिकाणी मोहाची जागा काळा गूळ आणि नवसागर यांनी घेतली. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो आणि सडवा लवकर तयार होतो. चोरून आणि घाईने काम उरकायचे म्हटले की स्वच्छता मागे पडते, गंजलेले किंवा शिशाने डाग दिलेले भांडेही चालवून घेतले जाते. त्या मद्याची तपासणी करणारे कोणी नसते.

कायद्याच्या दोन परंपरा

स्कॉटलंडही एके काळी याच अवस्थेतून गेला. १७८१ मध्ये तेथे घरगुती ऊर्ध्वपातनावर बंदी आली आणि डोंगरदऱ्यांत चोरट्या भट्ट्या पेटत राहिल्या. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांच्या वार्षिक शुल्कात परवाना देऊ केल्यानंतर त्यांतील अनेक भट्ट्या उघड्यावर आल्या आणि व्हिस्कीचा अधिकृत व्यवसाय उभा राहिला. घरच्या बिअरवरील परवान्याची अट ब्रिटनने १९६३ मध्ये काढून टाकली. घरी दारू गाळण्याची मोकळीक मात्र तेथे आजही नाही. आंबवणे आणि गाळणे या दोन क्रियांत तेथील कायद्याने अशी स्पष्ट रेषा ओढली आहे.

आपल्याकडे ती रेषा नाही. इंग्रजी अमलात अबकारी हे महसुलाचे मोठे साधन ठरले आणि घरची भट्टी सरकारी उत्पन्नाची शत्रू मानली गेली. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाबा भागांतील मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचे उद्दिष्ट राज्यांपुढे ठेवले. आज महाराष्ट्रात लागू असलेला १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याविना कोणतेही मद्य तयार करण्यास मनाई करतो, मग ते घरी आंबवलेले एल असो की भट्टीची पहिली धार. शहरांतील मायक्रोब्रुअरींना परवाना मिळतो. घरच्या पिंपाला नाही.

बायकांचा प्रश्न

ही मनाई केवळ महसुलासाठी टिकून राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दारूची झळ सर्वांत आधी घरातील स्त्रीला लागते. कापसाचे पैसे हाती येताच ते गुत्त्यावर जाणे, मारहाण, कर्ज, मुलांचे शिक्षण सुटणे हे विदर्भातील खेड्यांचे जुने दुखणे आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनीही बंदीची मागणी मोर्चे काढून लावून धरली. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने गावातील परवानाधारक दुकान बंद करण्याचा मार्ग आहे, पण चोरट्या भट्टीपुढे ती मतपत्रिका निरुपयोगी ठरते. तिथे स्त्रियांना स्वतःच माठ फोडावे लागतात.

फुलाला दोष कशाला?

मोहाचे फूल मुळात अन्न आहे. आदिवासी कुटुंबांनी ते टंचाईच्या दिवसांत खाऊन दिवस काढले आहेत. त्याच्या बियांचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला चालते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये फुलांच्या वेचणी, साठवण आणि वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. त्यामुळे फुले विकण्याचा आणि त्यांपासून लाडू, सरबत, मुरंबा करण्याचा रस्ता मोकळा झाला. जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव यांसारख्या तालुक्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला गौण वनोपजावर आणि मद्यनियंत्रणावरही अधिकार देतो. दारव्हा तालुका त्या क्षेत्राबाहेर असल्याने येथे हा आधार मिळत नाही.

परवान्याच्या चौकटीत परंपरा टिकवण्याचे प्रयोगही देशात झाले आहेत. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला वारसा मदिरेचा दर्जा देणारे धोरण आणले आणि अलिराजपूर, दिंडोरीतील आदिवासी बचत गटांकडे त्याचे उत्पादन सोपवले. त्यात तपासणी आहे, मोजमाप आहे आणि उत्पादकाचे नाव बाटलीवर आहे. हा मार्ग यवतमाळला मानवेल का, हे ठरवताना फुले वेचणाऱ्या बाईचा आणि नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेल्या बाईचा असे दोन्ही आवाज ऐकावे लागतील. पुष्कळदा त्या दोघी एकच असतात.

तोवर फूल, सडवा, गाळलेली दारू आणि विषारी भेसळ या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी ध्यानात ठेवलेले बरे. त्या एकाच शिक्क्याखाली कोंबल्या की शिक्षा फूल वेचणाऱ्याला होते आणि मिथेनॉल विकणारा मोकळा सुटतो.