शितावरून शिळ्या भाताची परीक्षा होत नाही

गेल्या वर्षीचा जुलै. लोणावळ्यात सकाळपासून पावसाने धरलेलं होतं. मुंबईहून आठ पाहुणे जेवायला येणार म्हणून मी मोठं पातेलं काढून इंद्रायणीचा भात टाकला. घाटात वाहतूक खोळंबली आणि आठांतले तिघेच कसेबसे पोहोचले. जेवणं उरकली तेव्हा पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. बाहेर चांगला गारठा होता, फ्रिजमध्ये जागा नव्हती. म्हटलं, एवढ्या थंडीत काय होतंय? झाकण ठेवून पातेलं ओट्यावरच राहू दिलं.

सकाळी झाकण काढून वास घेतला, दोन शितं तोंडात टाकली. भात छान होता. कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी दिली, खरपूस परतला आणि नाश्त्याला आम्ही दोघा नवरा-बायकोने खाल्ला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे चहाबरोबर भाकरी घेतली. अकराच्या सुमाराला आधी ह्यांना आणि पाठोपाठ मला उलट्या सुरू झाल्या. सासूबाई ठणठणीत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लंत?" आणि दुसरा, "तो भात रात्रभर कुठे होता?"

संध्याकाळपर्यंत आम्ही सावरलो. पण मी धसका घेतला. पुढचे काही दिवस उरलेला भात सरळ खताच्या खड्ड्यात जायला लागला. सासूबाईंनी तीन-चार वेळा पाहिलं आणि मग न राहवून म्हणाल्या, "अगं, लावणीला गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभी राहा, मग टाक भात." त्यांचं माहेर नाणे मावळातलं. त्यांचं चूक नव्हतं आणि डॉक्टरांचंही नव्हतं. भात वाया जाऊ द्यायचा नाही आणि बाधूही द्यायचा नाही, हे दोन्ही कसं जमवायचं, याचे प्रयोग तिथून सुरू झाले.

उकळीला न जुमानणारे बीजाणू

शिळ्या भाताच्या बाधेमागे बहुतेकदा एक जिवाणू असतो. त्याचं नाव बॅसिलस सीरिअस. तो मातीत राहतो, त्यामुळे भाताच्या लोंब्यांपर्यंत आणि तिथून तांदळापर्यंत सहज पोहोचतो. आपण तांदूळ कितीही धुतले तरी तो पुरता निघून जात नाही. संकट आलं की हा जिवाणू बीजाणूच्या रूपात जातो. म्हणजे टणक कवचात स्वतःला बंद करून घेतो. भात शिजताना साधे जिवाणू मरतात, बीजाणू मात्र टिकतात. उलट शिजण्याची उष्णता त्यांना जागं करते. भात कोमट झाला की कवच उघडतं, आणि समोर ओलसर, मऊ, पिष्टमय अन्नाचं ताट वाढलेलंच असतं.

अनुकूल उबेत हे जिवाणू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होऊ शकतात. या वेगाने सहा तासांत एकाचे चार हजारांहून अधिक होतात. वाढताना त्यांतल्या काही जाती सेर्युलाइड नावाचं विष भातात सोडतात. उलटी होते ती या विषामुळे. खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. 1971 मध्ये ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना असा त्रास झाला, तेव्हा या दुखण्याची ओळख पटली. तिथे भात आधी उकडून तासन् तास बाहेर ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की तव्यावर परतून देत. म्हणजे मी केलं अगदी तेच.

आता यातली मेख पाहा. आपण भात पुन्हा गरम करतो तेव्हा जिवाणू मरतात, पण विष मरत नाही. सेर्युलाइड 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकून राहतं. घरच्या प्रेशर कुकरमध्ये जास्तीत जास्त तेवढंच तापमान गाठलं जातं. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, खरपूस फोडणी किंवा मायक्रोवेव्ह यांपैकी कशानेही ते जाणार नाही. शिवाय त्याला वास नाही, चव नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली जुनी रीत भात शिजला की नाही हे सांगते. तो रात्रभर कुठे होता, हे शीत सांगत नाही.

गारवा वेगळा, थंडी वेगळी

माझी खरी चूक गारठ्यावर विश्वास ठेवण्याची होती. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत आपण स्वेटर काढतो, पण घरातलं तापमान 22 ते 25 अंशांच्या खाली क्वचितच जातं. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने 5 ते 60 अंश हा सगळा धोक्याचा पट्टा. आपल्याला जो गारवा वाटतो, तो जिवाणूंना चांगलाच मानवतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर 5 अंशांच्या खाली.

मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणला आणि एक साधा प्रयोग केला. शिजलेल्या भाताचे दोन वाटे केले. एक पातेल्यातच झाकून ठेवला, दुसरा परातीत पातळ पसरला. दोन तासांनी पातेल्याच्या वरचा भात हाताला गार लागत होता, पण मधोमध खुपसलेला काटा अजून चाळिशीच्या वर होता. परातीतला भात अर्ध्या तासातच निवला होता. इंद्रायणी चिकट असल्याने त्याचा घट्ट गोळा होतो आणि आतली ऊब बाहेर पडायला वेळ लागतो. झाकलेलं पातेलं म्हणजे जिवाणूंसाठी उबवणीची पेटीच.

यावरून आमच्या घरचा नियम ठरला. जेवणं उरकली की भात परातीत पसरायचा, वर जाळी झाकायची, वाफ गेली की उथळ डब्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये. 'गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये' हे ऐकून आपण पातेलं रात्रभर बाहेर ठेवतो. पसरलेला, वाफ गेलेला भात किंचित कोमट असला तरी आत ठेवायला हरकत नाही. ब्रिटनची अन्न मानक संस्था फ्रिजमधला भातही 24 तासांत संपवा आणि एकदाच गरम करा असं सांगते. आम्ही तेच पाळतो.

मावळात पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली, तर त्या दिवशी भाताचा मोह सोडलेला बरा.

इंद्रायणीचं काय करावं?

भात सुरक्षित राहिला, पण त्याचं करायचं काय? इथे मी बरीच तोंडघशी पडले. पहिल्यांदा फ्राइड राइस केला. कढई कडकडीत तापवली, भाज्या चिरल्या, भात टाकला आणि पाच मिनिटांत कढईत एक मोठा गोळा तयार झाला. चव होती, पण चमच्याऐवजी सुरी घ्यावी लागली असती.

कारण तांदळाच्या जातीत आहे. पिष्टात मुख्यतः दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजचं प्रमाण जास्त असलेला भात मोकळा होतो आणि गार झाला की कडक पडतो. अमायलोपेक्टिनचा वाटा जास्त असेल तर तो मऊ, चिकट होतो. इंद्रायणी ही मावळचीच जात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून ती तयार झाली आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आली. सुवास आंबेमोहराकडून मिळाला आणि सोबत हा मऊपणाही. फ्राइड राइससाठी तो दोष. मग मी त्याचाच उपयोग करायचं ठरवलं.

सगळ्यात चांगली जमली ती थालीपिठं. फ्रिजमधला एक वाटी भात हाताने कुस्करायचा. त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि तीळ घालून दहा मिनिटं ठेवायचं. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं. मग त्यात मावेल तेवढं, साधारण वाटीभर, ज्वारीचं पीठ घालायचं. वेगळं पाणी बहुधा लागतच नाही. तव्यावर थापून, मधे भोक पाडून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजायचं. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या पिठाची थालीपिठं कडांना चिरतात. शिजलेल्या भाताचं पिष्ट ती उणीव भरून काढतं. मोदकाची उकड काढताना किंवा भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवताना आपण हेच तर करतो.

दुसरा यशस्वी प्रयोग टिक्क्यांचा. भात, उकडलेला बटाटा, आलं-मिरची आणि थोडं बेसन घालून गोळे वळायचे, चपटे करून कमी तेलावर भाजायचे. ब्रेडचा चुरा लागत नाही, इंद्रायणी स्वतःच धरून ठेवतो. फसलेल्या प्रयोगांत भाताचा डोसा होता. उडीद डाळ आणि भात वाटून रात्रभर आंबवायला ठेवला, पण पावसाळी हवेत पीठ फुगलंच नाही. सकाळी ते टाकून दिलं, कारण न आंबलेलं, रात्रभर बाहेर राहिलेलं ओलं पीठ म्हणजे पुन्हा पहिलीच चूक.

साखर कमी होते का?

'शिळा भात खा, साखर वाढत नाही' असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. त्यात तथ्याचा अंश आहे. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि लहान आतड्यात सहज पचत नाही. त्याला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. इंडोनेशियात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताज्या भातात 100 ग्रॅमला 0.64 ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आढळलं. 4 अंशांना 24 तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात ते 1.65 ग्रॅम झालं आणि तो खाल्ल्यावर रक्तातली साखर कमी चढली.

पण हा प्रयोग 15 निरोगी माणसांवर झाला होता. फरक 100 ग्रॅमला जेमतेम एका ग्रॅमचा. बाकीचा भात पचून साखरच होते. शिवाय घट्ट रचलं जातं ते मुख्यतः अमायलोज, त्यामुळे मऊ, चिकट भाताकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. मधुमेह असलेल्यांनी शिळा म्हणून दुप्पट वाढून घेऊ नये. आणि पाहा, तो भात फ्रिजमध्ये ठेवलेला होता, ओट्यावर नव्हे.

बाकीचं उरलंसुरलं

पोळी-भाकरीत पाणी कमी, म्हणून त्या भातापेक्षा जास्त टिकतात. फोडणीची पोळी त्यामुळेच सहसा बाधत नाही. पण मावळच्या दमट हवेत त्यांना बुरशी लवकर येते. डाग दिसला तेवढाच तुकडा काढून बाकीचं खाऊ नका. बुरशीचे तंतू न दिसणाऱ्या भागातही पसरलेले असतात. डाळ, उसळ, रस्सा यांना भाताचाच दोन तासांचा नियम. दहीभातातला आंबटपणा जिवाणूंची वाढ मंदावतो, पण आधीच तयार झालेलं विष दह्याने जात नाही. तेव्हा दही ताज्या किंवा नीट थंड ठेवलेल्या भातातच कालवा.

आणि त्रास झालाच तर? अशा उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावं. लहान मूल, वयस्कर माणूस किंवा गरोदर बाई असेल, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबतच नसतील, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. क्वचित हे विष यकृतावर घाला घालतं. 2008 मध्ये ब्रसेल्समध्ये पाच दिवस बाहेर राहिलेला पास्ता खाऊन 20 वर्षांचा एक तरुण दगावला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या हिशेबाने एक किलो भात पिकवायला सरासरी 2,500 लिटर पाणी लागतं. सासूबाईंना हे आकडे माहीत नाहीत, पण त्यांनी लावणीतला चिखल तुडवलाय. आता जेवणं उरकली की परात त्याच काढतात. मी भांडी आवरेपर्यंत भात पसरून, निववून डब्यात गेलेला असतो. खतात काही जात नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठांचं पहिलं तव्यावरून थेट त्यांच्या ताटात जातं.